पडद्यामागून पाहिलेला घोडा

सहा वर्षांची होईपर्यंत माझी पक्की समजूत होती, की सिनेमातली माणसं डाव्या हाताने जेवतात. बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात आणि पुजारी तीर्थसुद्धा डाव्या हातानेच देतो. एकदा मीही तशीच डाव्या हाताने भात कालवायला बसले, तेव्हा आईने पाठीत धपाटा घातला. "शिनेमातली माणसां जेवतत ती?" असं विचारलं, तर दुसरा मिळाला.

करी रोडच्या आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत कापडी पडद्यावर सिनेमा दाखवत. पडदा गल्लीत आडवा. त्याची एक दोरी पिठाच्या चक्कीवरच्या पाइपाला आणि दुसरी समोरच्या न्हाव्याच्या दुकानावरच्या कठड्याला. सिनेमाच्या मशीनच्या बाजूला गोणपाटावर पुरुष आणि शाळेत जाणारी पोरं बसत. पडद्याच्या मागे, आमच्या चाळीच्या दाराशी, बायका आणि त्यांना चिकटलेली चिल्लीपिल्ली. माझी ताई तेव्हा दहा वर्षांची, ती ऐटीत पुढे. मी मागे, आईच्या मांडीवर. म्हणून माझा सगळा सिनेमा उलटा.

त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. मागच्या बाजूला मशीनची घरघर कमी यायची. वारा आला की पडदा फुगायचा आणि त्यावरच्या घोड्याचं पोट खरोखरचा श्वास घेतल्यासारखं वरखाली व्हायचं. मी डोळे मिटायचे, उघडायचे, आणि दर वेळी तो तिथेच असायचा. सिनेमा बघतेय की झोपलेय, हे मला अर्धा वेळ कळत नसे.

ज्या सिनेमावरून आम्ही बहिणी जन्मभर भांडलो, तो एका टांगेवाल्याचा होता. कपाळावर पांढरा टिळा असलेला त्याचा घोडा. म्हातारा आजारी पडतो आणि घोड्याला माळावर सोडून द्यायचं ठरवतो. लगाम काढतो, पण घोडा हलत नाही. म्हातारा त्याला शिव्या देतो, ढेकूळ मारतो आणि मग स्वतःच रडतो. शेवटी घोडा निघतो, एकदा थांबून मागे बघतो आणि पडद्याबाहेर निघून जातो.

ताई म्हणायची, उजवीकडे गेला. मी म्हणायचे, डावीकडे. दुसऱ्या दिवशी याच्यावरून झिंज्या उपटण्यापर्यंत मजल गेली आणि पुढे दोन दिवस अबोला. मागून सगळं उलटं दिसतं, हे मला शाळेत जाऊन पुढे बसायला लागल्यावर कळलं, पण मी ते कबूल केलं नाही. माझा घोडा एव्हाना डावीकडे लांब गेला होता आणि त्याला परत बोलवायची माझी मुळीच इच्छा नव्हती. हट्टीपणात मी बापावर गेले आहे, असं आई म्हणायची, ते काही उगीच नाही.

पुढे घोड्याचा म्हणून जो सिनेमा लागेल तो आम्ही दोघींनी परळ-लालबागच्या थिएटरांत पाहिला. राजांचे घोडे, दरोडेखोरांचे घोडे, शर्यतीचे घोडे. हिरो मेला तरी ताईचं काही म्हणणं नसे, घोडा मात्र जगला पाहिजे. घोडा पडणार असं वाटलं की ती माझ्या डोळ्यांवर हात ठेवायची आणि कानात सांगायची, "घोडो पडलो... थांब हां... उठलो गो, उठलो. बघ आता." एकदा मी तिच्या बोटांच्या फटीतून पाहिलं. घोडा उठला नव्हता. ताई मात्र रडत रडत सांगत होती, उठलो म्हणून. मी फट बुजवली.

यंदा ताईच्या डोळ्यांचा काचबिंदू बराच पुढे गेल्याचं कळलं. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं जपू, गेलेलं परत येणार नाही. तिला आता मधलंच थोडं दिसतं, दार किलकिलं करून बघावं तसं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तो घोडो एकदा बघूक व्हयो. दिसता हा तवसर." मला भर रस्त्यात रडू आलं.

भाच्याने मोबाइलवर "टांगेवाला, घोडा, कपाळावर टिळा" असं काय काय टाकून चार दिवसांनी तो सिनेमा शोधून काढला. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, ताईच्या टीव्हीवर आम्ही दुपारी तो लावला. पडदे ओढून घेतले. ताईने माझा हात धरला. सगळी माणसं उजव्या हाताने जेवत होती आणि मला ती परकी वाटत होती.

म्हाताऱ्याने लगाम काढला. शिव्या, ढेकूळ, रडणं. घोडा थांबला, मागे बघितलं आणि निघाला. ताईने त्याच्यामागे मान वळवली, पण तिच्या किलकिल्या दारातून तो केव्हाच बाहेर पडला होता.

"खंय गेलो गो?" ती म्हणाली. "माका गावलो नाय."

पंचेचाळीस वर्षांचं भांडण माझ्या हातात होतं. डावीकडे म्हटलं असतं, तरी तिला कळलं नसतं. क्षणभर जिभेवर आलंही, खोटं कशाला सांगू. पण तिचे ते डोळे टीव्हीच्या कडेला अजून शोधत होते.

"उजवीकडे," मी म्हटलं. "तुझंच खरं होतं ताई. पहिल्यापासून."

मला वाटलं, ती खूश होईल, निदान चिडवेल तरी. ती मात्र डोळे मिटून बसली. मग खिडकीकडे, खाली जिथे आमची गल्ली होती तिकडे, तिने हात केला.

"उजवी-डावी मसणात जाऊ दे," ती म्हणाली. "चक्कीच्या बाजूक गेलो मां?"

चक्की जाऊन वीस वर्षं झाली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी डोळे मिटले. आईची मांडी, फुगलेला पडदा आणि त्याच्या डाव्या, चक्कीकडच्या टोकातून अंधारात शिरणारा माझा घोडा.

"हो गो," मी म्हटलं. "माझाही चक्कीकडेच गेला."