मास्तरांचा लांब शब्द

टायपिंगच्या मास्तरांना आता एकच शब्द बोलता येतो: "पुढचं!" मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवं अंग गेलं आणि बाकीची सगळी भाषा गेली. तहान लागली तरी "पुढचं", दुखलं तरी "पुढचं". जन्मभर वर्गात ओळ संपली की हेच ओरडले, तेवढंच जिभेला चिकटून राहिलं. मी खालच्या मजल्यावर राहते, त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्या पट्टीचे वळ माझ्याही बोटांवर उठलेत. त्यांची ही गत बघून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मास्तरांची शिक्षा ठरलेली असायची. ज्या अक्षराला बोट चुकेल, ते अक्षर असलेला लांब इंग्रजी शब्द शोधायचा. दहा अक्षरांच्या आतला चालायचा नाही, आणि शब्द सांगितल्याशिवाय स्टुलावरून उठायचं नाही. सांगितला की मास्तर जाडजूड डिक्शनरी काढत, बोट ओलं करून एकेक पान उलटत आणि शब्द सापडला तरच म्हणत, "पुढचं!"

माझ्या शेजारच्या मशीनवर एक लाजाळू मुलगी बसायची. एक्स करंगळीशेजारच्या बोटानं दाबायचा असतो, ती हटकून करंगळीनं दाबायची. मास्तरांनी तिचं नावच करंगळी ठेवलं. एका दुपारी तिला एक्सचा शब्द सुचेना. "सर, जाऊन येऊ का?" तिनं दोनदा विचारलं.

"आधी शब्द."

तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. स्टुलाखाली ओघळ आला तेव्हा मास्तर साऱ्या वर्गाला म्हणाले, "नाव करंगळी, आणि वेळेला करंगळी दाखवायचीच विसरली!" वर्ग खो खो हसला. मीही हसले. फीच्या टेबलावर मास्तरांचा मुलगा बसायचा, तो तेवढा उठला, फडकं आणलं आणि खाली मान घालून फरशी पुसली. मुलीची आई जाब विचारायला आली, तर मास्तर म्हणाले, "पोरी वाढवून सांगतात हो."

पुढे करंगळीनं त्याच मुलाशी लग्न केलं. न बोलता पुसतो म्हणजे मायाळू असणार, असा तिचा अंदाज. माणूस मायाळू आहेही, फक्त पुसण्यापलीकडे त्यानं कधी काही केलं नाही. सासऱ्यांनी घरातही तिला करंगळीच म्हटलं आणि येईल त्या पाहुण्याला त्या नावाची गोष्ट रंगवून सांगितली. ती चहाचा ट्रे धरून ऐकत उभी असायची.

मास्तर अंथरुणाला खिळल्यावर, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "त्यांच्या आवडीचं काहीतरी करून घ्या." करंगळीनं माळ्यावरचा टाइपरायटर उतरवून पलंगावरच्या फळीवर मांडला. एक अक्षर ती सांगणार, आणि मास्तरांनी डाव्या हाताकडच्या अक्षरांतूनच लांब शब्द जुळवायचा. ही सेवा बघून नवऱ्याचे डोळे भरून आले. डॉक्टर तर इतरांना तिचं उदाहरण देऊ लागले.

हा अभ्यास कधी चालतो ते फक्त मला ठाऊक होतं. मास्तर चुळबुळ करायला लागले, लघवीच्या भांड्याकडे बघायला लागले, की मगच ती मशीनवर कागद चढवायची. "आधी शब्द, मास्तर." एरवी ती त्यांना बाबा म्हणते. सुरुवातीला मास्तरांना काहीच जमेना, चादर रोज बदलावी लागे. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. करावं तसं भरावं, म्हटलं.

त्या दिवशी मी वर गेले तेव्हा भांडं तिच्या मांडीवर होतं, घासून लख्ख केलेलं.

"एक्स. दहाच्या वर."

मास्तरांच्या कपाळावर घाम होता. डावा हात मशीनवर नुसता भिरभिरत होता. मग त्या बोटांनाच काहीतरी आठवलं. ई पडला. मग एक्स, अगदी नेमक्या बोटानं. ए. जी, पुन्हा जी. लवकर हो बाबा, लवकर, मी मनात म्हणत होते. शेवटचा डी पडला. एक्झॅजरेटेड. अकरा अक्षरं, एकही चूक नाही. मास्तरांनी शाबासकी मागणाऱ्या पोरासारखं वर पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"दे गं आता भांडं," मी म्हटलं.

"खात्री नको का करायला?" तिनं डिक्शनरी उघडली, बोट ओलं केलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. एची पानं झाली, बीची झाली. "पुढचं, पुढचं," मास्तर गयावया करत होते. "तेच करतेय ना, पुढचंच पान," ती म्हणाली. मी भांड्याला हात घातला तर तिनं त्यावर कोपर ठेवलं. ती ईपर्यंत पोचली तेव्हा पलंगाखाली ओघळ आला होता.

"सापडला! एक्झॅजरेटेड म्हणजे वाढवून सांगितलेलं. माझ्या आईला तुम्ही हेच म्हणाला होतात, नाही का?"

मास्तर आवाज न करता रडत होते.

इतक्यात नवरा कामावरून आला. कागद वाचून त्यानं टाळ्याच वाजवल्या. "बाबा, अकरा अक्षरं!" मग त्याला वास आला. त्यानं चादर पाहिली, उघडी डिक्शनरी पाहिली, बायकोच्या मांडीवरचं कोरडं भांडं पाहिलं. त्याला सगळं कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. तो आत गेला, फडकं घेऊन आला आणि खाली मान घालून फरशी पुसायला लागला.

"पुढचं," मास्तर त्याच्याकडे बघत म्हणाले.

करंगळीनं कोरा कागद चढवला. "उद्या क्यू."

क्यूच्या मागे यू लागतो, आणि यू उजव्या हाताकडे असतो. हे आम्हाला मास्तरांनीच शिकवलं होतं.