आत्याच्या कॉम्प्युटरचा उभा छेद

आत्याने तेहेतीस वर्षं पुलांचे नकाशे काढले आणि एकही पूल बघायला गेली नाही. "कागदावर उभा राहिला की माझं काम संपलं," असं ती सांगायची. निवृत्त झाल्यावर मात्र तिला वस्तू आतून बघायचं वेड लागलं. इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, माझा हेअर ड्रायर, सगळं एकेकदा उघडून झालं. ड्रायर सोडला तर सगळं पुन्हा चालूही झालं, हे कबूल करायला हवं. मग तिने सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जुळवायला घेतला.

माझे बाबा म्हणजे तिचे दादा. ते त्याच इमारतीत दोन मजले खाली राहतात, शाळेत गणित शिकवायचे. टेबलावर मांडलेले भाग बघून ते एवढंच म्हणाले, "हे कशाला? दुकानात तयार मिळतो की." बाबांचं अर्धं आयुष्य 'हे कशाला' विचारण्यात गेलंय. आत्या म्हणाली, "मी जुळवीन." त्यानंतर दोन महिने बाबा वर आले नाहीत आणि आत्यानेही बोलावलं नाही. दोघं भावंडं शोभतात. दोघांच्याही घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नाही. बाबांचा टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं पिशवीत आहे, आणि आत्याच्या खुर्च्यांवरून उठताना पाठ आधी सोडवून घ्यावी लागते.

कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. तिसऱ्या दिवशी, काम ऐन रंगात असताना, न सांगता न सवरता बंद पडला. मग रोजच पडायला लागला.

काम होतं एका सुताराचं. तो स्वयंपाकघरं बनवून देतो, आणि गिऱ्हाइकाला ओटा, कपाटं सगळं आधी पडद्यावर फिरवून दाखवायचं त्याच्या मनात होतं. दीड मिनिटाचा व्हिडिओ, पण तो तयार व्हायला कॉम्प्युटरला सलग तीन तास राबावं लागतं. आत्याच्या कॉम्प्युटरने चाळीस मिनिटांच्या पुढे कधी मजल मारली नव्हती. शनिवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक येणार होतं. जमलं तर पुढची सहा स्वयंपाकघरं आत्याची, नाहीतर एका कंपनीची. पण तिला त्याहून जास्त टोचत होतं ते वेगळंच. कॉम्प्युटर दुकानात दुरुस्तीला न्यायचा तर तो घेऊन बाबांच्या दारावरूनच जिना उतरावा लागणार होता.

शुक्रवारी मी रजा टाकून सकाळीच वर गेले. मी विम्याच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, एवढ्यावर घरात मला त्यातलं कळतं असं धरून चालतात. आत्याने एक वही माझ्यापुढे सरकवली. तिच्या टपोऱ्या, सरळ अक्षरात सगळी हकिकत होती.

"सोमवार. व्हिडिओ लावला. चाळीस मिनिटांनी बंद. लगेच सुरू केला, दोन मिनिटांत बंद. अर्ध्या तासाने सुरू केला, पस्तीस मिनिटं चालला."

"मंगळवार. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर. तेच."

"बुधवार. दुकानातून दुसरा पॉवर सप्लाय उसना आणून लावला. तेच. पत्त्यांचा खेळ लावला, तीन तास चालला."

"म्हणजे खेळायला बरा आणि कामाला बसवला की अंग काढतो," मी म्हणाले.

"आमच्या ऑफिसात असे चार होते. त्यांना उघडून बघता येत नव्हतं."

"आत्या, हा तापत असणार. विश्रांती दिली की चालतो, म्हणजे तापतोच."

"मलाही तेच वाटलं. पण पुढचं वाच."

गुरुवारच्या पानावर लिहिलं होतं: "बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठोकळ्याला हात लावला. ठोकळा गार."

ठोकळा म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला धातूचा तुकडा. सगळी आकडेमोड प्रोसेसर करतो, त्यात तो तापतो, ती उष्णता ठोकळा ओढून घेतो आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. फारच तापलं तर कॉम्प्युटर जळण्याआधी स्वतःच बंद होतो. आता ठोकळाच गार म्हटल्यावर माझी अक्कल तिथेच संपली.

आत्याची संपली नव्हती. उलट तिचे डोळे चमकत होते. चार दिवस काम अडलेलं, उद्या गिऱ्हाईक दारात, आणि ही बाई मजेत होती. मला तिचा थोडा रागच आला.

"मग काल मी याचा उभा छेद काढला," ती म्हणाली आणि तिने कागद उलगडला. कॉम्प्युटर वरपासून खालपर्यंत कापला तर कसा दिसेल, ते मोठं करून काढलेलं. पंखा, ठोकळा, उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट, प्रोसेसर, बोर्ड, प्रत्येक थर मापासकट. खाली उजवीकडे पुलांच्या नकाशावर असायची तशी चौकट: 'काढले' पुढे तिची सही, 'तपासले' पुढे कोरी जागा.

"तेहेतीस वर्षं त्या जागी साहेबांची सही असायची. दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय नकाशा बाहेर पडायचा नाही. हे मी एकटीने जुळवलं, कुणी तपासलंच नाही. तू तपास."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. एकेका रेघेवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे काय आहे."

मी बोट ठेवत गेले. हे काय? पंख्याची पाती. हे? ठोकळ्याच्या पट्ट्या. हे? तांब्याचा तळ. त्या तळाखाली, पेस्टच्या वर, एक बारीक रेघ होती. माप शून्य दशांश एक मिलिमीटर.

"आणि हे काय आहे?"

"ते प्लॅस्टिक. तळाला चिकटवलेलं होतं. तांबं इतकं चकचकीत होतं गं, ओरखडा पडला असता, म्हणून मी ते तसंच..."

ती थांबली. मीही थांबले. खुर्चीचं प्लॅस्टिक तेवढं करकरलं.

उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हती. खाली प्रोसेसर होरपळत होता आणि वर ठोकळा गारच्या गार. आम्ही चार स्क्रू काढून ठोकळा उचलला. पेस्टने माखलेल्या त्या पातळ प्लॅस्टिकवर बारीक अक्षरात छापलेलंच होतं, बसवण्याआधी काढा. आत्या इतकी हसली की डोळे पुसावे लागले. प्लॅस्टिक काढलं, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, ठोकळा बसवला. बारा वाजता तिने व्हिडिओ लावला आणि वहीत लिहिलं: "कारण: मी."

एक वाजला तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. ठोकळा आता चांगला कोमट लागत होता. आत्याने सुताराला द्यायचा स्वयंपाकघराचा नकाशा बाहेर काढला. त्यावरही 'तपासले' पुढे कोरं होतं. तिने त्या जागेवर बोट ठेवलं.

"हा खाली दादाला दे," ती म्हणाली. "म्हणावं, तपास."

बाबांनी चष्मा लावला, कंपास घेतला. तीन वाजता व्हिडिओ पुरा झाला आणि साडेतीनला जिन्यात पावलं वाजली. बाबा दारात उभे होते, हातात नकाशा.

"फ्रिजचं दार उघडताना भिंतीला आपटतंय. वीस सेंटीमीटर कमी पडतात."

आत्याने कागद घेतला, पट्टी लावली, पुन्हा लावली.

"आपटतंय खरं," ती म्हणाली. फ्रिज सरकवायचा म्हणजे व्हिडिओ पहिल्यापासून, आणखी तीन तास. तिने हूं की चूं केलं नाही. फ्रिज सरकवला, व्हिडिओ पुन्हा लावला, आणि खुर्ची ओढून बाबांपुढे ठेवली.

"हा नकाशा मला आधीच का नाही दाखवलास?" बाबा बसत म्हणाले.

"कारण तू 'हे कशाला' विचारलं असतंस."

बाबांचा चेहरा मला बघवेना. उघड्या कॉम्प्युटरमध्ये पंखा एका लयीत फिरत होता. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी ठोकळ्याकडे बोट केलं आणि शाळेतल्या पोरासारखं जपून विचारलं, "हे काय आहे?"

आत्या त्यांच्या शेजारी बसली आणि पंख्याच्या पात्यांपासून सांगायला लागली.