आज्जांनी तपासलेली यादी

शाळेच्या बँडचं कपाट ज्याच्या ताब्यात असतं, त्याला किस्से शोधायला लांब जावं लागत नाही. कपाट उघडलं की निम्मे अंगावर पडतात आणि उरलेले दार लावताना बोटात सापडतात. माझ्याकडे आता इतके साठलेत की स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं, की लोक वह्या तपासायला घेतात.

मी मुळात विज्ञानाचा शिक्षक. आमच्या निपाणीच्या हायस्कूलमधले बँडचे सर निवृत्त झाले आणि हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"ध्वनीचा धडा तुम्हीच शिकवता ना?"

"हो."

"मग बँड तुमच्याकडे."

उष्णतेचा धडाही मीच शिकवतो. दुपारच्या जेवणाची चूल अजून माझ्याकडे आलेली नाही, पण मी धास्ती सोडलेली नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मी पालकांच्या ग्रुपवर सामानाची यादी टाकली. ट्रम्पेटच्या खटक्यांना तेल. ड्रमच्या काठ्या. क्लॅरिनेटच्या जोडांना ग्रीस आणि रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाला लावायची वेताची पातळ पट्टी. वाद्यं पुसायला मऊ कापड.

कापड लगेच आलं. घरोघरच्या ओटीत फिरून फिरून दमलेले अकरा ब्लाऊजपीस. आजही आमचा बँड बेळगाव जिल्ह्यातला सगळ्यात स्वच्छ पुसलेला बँड आहे आणि पुसताना हळदीचा वास येतो.

तेल सागरनं आणलं. सागर आमचा ट्रम्पेटवाला आणि त्याच्या घरी तेलाचा घाणा. त्यानं घाण्यावरचं ताजं शेंगतेल बाटली भरून आणलं आणि माझी वाट न बघता ओतूनही टाकलं.

"सर, दुकानातल्यापेक्षा शुद्ध हाय."

शुद्ध होतं यात शंका नाही. दोन दिवस ट्रम्पेटला खमंग वास येत होता. तिसऱ्या दिवशी मधला खटका खाली गेला तो वर आलाच नाही. चौथ्या दिवशी सागरनं फुंकलं आणि पुढून मुंग्या बाहेर आल्या.

*

मी व्हरांड्यात ट्रम्पेट आणि गरम पाण्याची किटली घेऊन उभा होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा. आत जीव हाईत."

पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात माझ्या यादीची झेरॉक्स. आठवीतल्या पद्मश्रीचे आजोबा, बाळगोंडा पाटील. त्यांना सगळं गाव आज्जा म्हणतं. घराणं जैन, शेती तंबाखूची, आणि आज्जांचे नेम इतके कडक, की त्यांच्या वाटेतली मुंगीसुद्धा सावकाश चालते.

त्यांनी ट्रम्पेट उन्हात कठड्यावर ठेवायला लावला आणि शेजारी गुळाचा खडा ठेवला. त्या दिवशी प्रॅक्टिस बंद. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुंग्या गुळावर, ट्रम्पेट मोकळा. विज्ञानाच्या शिक्षकाला हे सुचलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

मग आज्जा मुद्द्यावर आले. नातीला क्लॅरिनेट वाजवायचं होतं. सातवीचं अख्खं वर्ष ती कंपासपेटीतल्या पट्टीवर बोटं हलवत बसायची, हे मी वर्गात बघितलं होतं.

"पोरगीचं मन हाय," आज्जा म्हणाले. "माझी ना न्हाय. पण ज्या दिवशी कुठल्या जिवाचं काय तोंडाला लागलं, त्या दिवशी पोरगी बँडातनं बाहेर. सांगून ठेवतो."

पद्मश्री त्यांच्या मागे उभी होती. मुलं निकालाच्या कागदाकडे बघतात, तशी ती यादीकडे बघत होती.

*

तपासणी सुरू झाली. आज्जांनी खिशातून चष्मा काढला.

"ड्रमला कातडं?"

"प्लॅस्टिक."

"ते तंतुवाद्य असतंय न्हवं, व्हायोलिन. त्याच्या गजाला केस कशाचे?"

"घोड्याचे."

"घोडा हाय का गेला?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. आज्जांनी खिसा चाचपून पेन काढलं, यादीच्या खाली व्हायोलिन लिहिलं आणि त्यावर फुली मारली. आमच्या शाळेत व्हायोलिन नव्हतंच, पण यादीवर फुली आहे.

"ही पट्टी?"

"वेताची. झाडाची."

"झाडावरनं वाळून पडलेली, का तोडल्याली?"

इथे पद्मश्रीनं मान खाली घातली. मी म्हणालो, "आज्जा, तुम्ही तंबाखू तोडताच की."

आज्जांनी चष्मा काढून पुसला. मग पट्टीवर बरोबरची खूण केली.

राहिलं ग्रीस. डबीवर कशाचं आहे ते लिहिलेलं नव्हतं. चरबी नको, म्हणून मी मेण सुचवलं. मेण मधमाशीचं, तेही बाद. शेवटी मी म्हणालो की मेणबत्तीचं मेण चालेल, ते पेट्रोलियमपासून करतात.

"म्हंजे जमिनीतनं येतंय?"

"हो, जमिनीतून."

"मग चालतंय."

पेट्रोलियम कशापासून तयार होतं, हा प्रश्न आमच्याकडे दोन मार्कांना असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले समुद्रातले जीव, वगैरे. मी गप्प बसलो. पद्मश्री आठवीत होती आणि तो धडा दहावीत आहे.

*

पट्ट्या आणायला आज्जा स्वतः बेळगावला गेले. दुकानदारानं विचारलं, कितवा नंबर? दीड, दोन, अडीच, असे नंबर असतात. लहान नंबरची पट्टी मऊ, मोठ्या नंबरची कडक. नवशिक्या पोरांना दीड नाहीतर दोन द्यायची असते.

आज्जांनी विचारलं, "सगळ्यात मोठा कितवा?"

"चार."

"चारच द्या. वाढत्या अंगाची पोर हाय."

गणवेश असाच घेतला होता, चपलाही. चार नंबरची पट्टी लावून पद्मश्रीनं आठवडाभर फुंकलं. आवाजच निघेना. सागरनं फुंकलं, मी फुंकलं, हेडमास्तरांनी दार लावून फुंकलं. मी म्हणालो, दुकानातून बदलून आणू या.

"नको सर," ती म्हणाली. "आज्जांनी हौसेनं आणल्यात."

महिन्यानं त्याच पट्टीतून सूर निघाला. तेव्हा आम्ही सगळे ग्राउंडवर होतो आणि ती वरच्या मजल्यावर, तरी तो आम्हाला ऐकू आला. मला मनापासून आनंद झाला, आणि त्या दिवसापासून भीतीही वाटायला लागली. कारण बँडची चाल आता तिच्या एकटीवर उभी होती आणि ती आज्जांच्या एका शब्दावर.

*

दुसरी अडचण सूर्याची. पाटलांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. त्यामुळे साडेचार वाजले की आज्जा लुना घेऊन फाटकात. बोलायचे काही नाहीत. फक्त एकदा घड्याळाकडे बघायचे आणि एकदा पश्चिमेकडे.

पोरांच्या हे अंगवळणी पडलं. लुनाचा आवाज आला की ड्रमवाले आपोआप वेग वाढवायचे. तीन मिनिटांची संचलनाची धून आम्ही दोन मिनिटांत संपवायला लागलो. स्पर्धेच्या चिकोडीतल्या निवडफेरीत आमच्या मागून चालणारी पोरं अक्षरशः पळत होती. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "उत्साह वाखाणण्याजोगा." आम्ही जिल्ह्याला निवडलो गेलो.

*

जिल्ह्याची स्पर्धा बेळगावात, आणि तारीख आली नेमकी जैनांच्या पर्वातली अष्टमी. पद्मश्रीचा निर्जळी उपास. हा नेम तिनं स्वतःच घेतला होता आणि तो मोडायला ती तयार नव्हती. रीड भिजवल्याशिवाय वाजत नाही, आणि भिजवलेली पट्टी तोंडात घेतली की पाणी पोटात.

आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आज्जा सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, चटई टाकून बसले होते.

"पाण्यानंच भिजवाय लागती?"

"ओली झाली की झालं."

आज्जांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं सगळं.

"आपली थुंकी आपल्याला उपासाला चालती," ते म्हणाले. "सकाळी निघताना पट्टी तोंडात धरायची. मधी काढायची न्हाय. काढली की धूळ बसती, जीव बसतो. तोंडातनं थेट वाद्याला, वाद्यातनं थेट तोंडात."

पद्मश्रीनं मान हलवली.

"आणि एवढी स्पर्धा झाली की बास. लई झालं, नेमाच्या दिवशीबी वाजवाय लागतंय. पुढं बँड न्हाय."

तिनं पुन्हा मान हलवली, पण यावेळी खूप वेळ लागला. मला आज्जांचा राग आला. पण त्यांच्याच घरी त्यांच्याच चटईवर बसून काय बोलणार?

सकाळी सातला बस निघाली. तवंदीचा घाट गेला, काकती गेली, पोरं गाणी म्हणून दमली. पद्मश्री ओठ मिटून खिडकीशी. शेजारी आज्जा, तेही उपासाचे, तेही गप्प.

हॉलच्या दारात नोंदणीच्या बाईंनी तिला नाव विचारलं. तिनं ओळखपत्र दाखवलं. कुठलं वाद्य विचारलं, तिनं बोटं हलवून दाखवलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं, डोक्यावरून हात फिरवला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी ड्रम उतरवून घेत होतो.

तिनं वाजवलं मात्र असं, की मी डोळे पुसले. मागे लुना नव्हती, त्यामुळे धून पूर्ण तीन मिनिटं चालली. शेवटचा सूर तिनं एकटीनं धरला, हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. पुन्हा वाजवायला बोलावतील म्हणून पट्टी लगेच तोंडात.

निकालात आमचा नंबर आला नाही. मग नोंदणीच्या बाई माइकवर आल्या. "एक विशेष जिद्द पुरस्कार. बोलता येत नसूनही या मुलीनं आज सुरांतून आपल्याशी संवाद साधला..." टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. पद्मश्री दोन्ही हात हलवून नाही नाही करत होती, तशा टाळ्या वाढत होत्या. पालकांनाही स्टेजवर बोलावलं.

आज्जा काठी टेकत चढले. पाहुण्यांनी ढाल हातात दिली. आज्जांनी ती उलटसुलट बघितली, खाली टेबलावर ठेवली आणि माइक पुढ्यात ओढला.

"मुकी न्हाय ओ. उपास हाय."

आज्जांनी नातीचा हात धरला आणि पायऱ्यांपर्यंत गेले. तिथं थांबले. पुन्हा माइककडे आले.

"फुडल्या वर्षी तारीख धरताना पंचांग बघत जावा," ते म्हणाले. "अष्टमी-चतुर्दशी सोडून कुठलीबी धरा. आमची पोरगी वाजवणार हाय."