कौशिकची भिकबाळी

कौशिकचा जन्म जयपूरचा, शिक्षण जयपूरचं, नोकरी सीतापुऱ्यातल्या आयटी कंपनीत. मराठी बोलताना दर वाक्यात एक 'मतलब' हवाच. असा माणूस अस्सल मराठी व्हायचं मनावर घेतो, तेव्हा शेजाऱ्यांनी सावध राहावं. त्याचा शेजारी मीच.

यंदा गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकापुढे ध्वज धरायचा मान त्याला मिळाला. झालं! प्रताप नगरातल्या एका पार्लरमध्ये जाऊन त्याने कानाचा वरचा भाग बंदुकीने टोचून घेतला आणि मोत्यांची भिकबाळी अडकवली. पुण्याचा मावसभाऊ गौरांग घालतो ना, अगदी तशी.

आठवडाभरात कान टोमॅटोसारखा लाल झाला आणि ठणकू लागला. कौशिकला धास्ती एकच: पू आत मध्यकर्णात उतरला तर ऐकू येणं बंद होईल. म्हणून त्याने कानाच्या भोकात कापसाचा बोळा कोंबला. चोर ओसरीवर बसलेला आणि कुलूप माजघराला! भिकबाळीला मात्र हात लावला नाही. शेवटी मीच त्याला डॉक्टर अपूर्वांकडे ओढत नेलं.

"मध्यकर्ण पडद्याच्या पलीकडे असतो," त्या म्हणाल्या. "तिथला संसर्ग बहुतेक वेळा नाक-घशातून जातो. तुमचा पडदा ठणठणीत आहे. कानाला आकार देणारी ही बाहेरची कूर्चा मात्र धोक्यात आहे. भिकबाळी आत्ताच काढा आणि गोळ्या सुरू करा."

"मतलब, मिरवणुकीपर्यंत ठेवली तर?"

"ठेवा की. भिकबाळी शाबूत राहील. कानाचं सांगत नाही."

कौशिकने मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि भिकबाळी ठेवली. कान जन्मापासूनचा, पण मागून आली ती तिखट झाली.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्याला सणकून ताप भरला. ऑपरेशन करून पू काढला, सोबत मेलेली कूर्चाही काढावी लागली. ध्वज दुसऱ्याच कुणीतरी धरला. पट्टी सुटली तेव्हा कानाचा वरचा भाग चुरगळून खाली बसला होता.

दिवाळीत गौरांग आला, कानात भिकबाळी झुलवत.

"तुला टोचल्यावर काही त्रास नाही झाला?" कौशिकने विचारलं.

"टोचलंय कुणी?" गौरांगने भिकबाळी चिमटीत धरून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "दाबून बसवायची असते रे. आमच्या पथकात सगळे हीच घालतात."

कौशिकला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.