हापशाचा पाना कोणाच्या घरी?

"पाना एस्थरकडे द्यायचा नाही," ओकेलो म्हणाले. "तो गावच्या पाणी कमिटीचा आहे."

कोलकात्यात डमडमजवळच्या आमच्या ट्रेनिंग यार्डात हे चाललं होतं. आमची कंपनी हापसे बनवून परदेशी पाठवते. मी त्यांची दुरुस्ती शिकवते. एस्थर युगांडातल्या एका खेड्यातून शिकायला आली होती. ओकेलो हे हापसे विकत घेणाऱ्या संस्थेचे अधिकारी, तेही सोबत होते.

हापसा बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने बंद पडतो. खाली पाइपात एक वॉशर असतो. तो झिजला की दांडा नुसता हलतो, पाणी येत नाही. पाइपातल्या सळया वर ओढायच्या, वॉशर बदलायचा, झालं. फक्त हापशाचं वरचं डोकं उघडायला मोठा पाना लागतो आणि तो खेड्यात सहसा एकच असतो.

"दुरुस्ती ही करणार आणि पाना दुसऱ्याकडे?" मी विचारलं.

"चेअरमनच्या कपाटात असतो," एस्थर म्हणाली. "मागच्या वेळी हापसा बंद पडला तेव्हा चेअरमन शहरात गेला होता. आम्ही डबक्याचं पाणी आणलं. माझी धाकटी त्या पाण्याने मरता मरता वाचली."

ओकेलो शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही लग्न होऊन गावात आलेली. जमीन नवऱ्याच्या घराण्याची, घरही त्यांचंच. उद्या नवरा गेला तर ही माहेरी जाईल. गावाची वस्तू तिच्याकडे कशी ठेवणार?"

माणूस वाईट नव्हता, गावची रीत सांगत होता. तरी माझं डोकं फिरलं, कारण हे मी ऐकलेलं होतं. माझा नवरा बँकेत आहे. मी इथे लागले तेव्हा आमचे मॅनेजर घोषदा म्हणाले होते, "अपर्णा, तुला वेगळा टूलबॉक्स कशाला? उद्या मिस्टरांची बदली झाली की तू जाणार." बदली झाली. नवरा एकटाच गेला. मी इथेच राहिले आणि तरी स्टोअरमधून पाने मागून घेत होते.

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. आमच्याकडे त्या दिवशी यार्ड बंद असतं. प्रत्येक जण आपापली हत्यारं धुऊन मूर्तीपुढे मांडतो. एस्थर रिकाम्या हातांनी बघत उभी होती.

"घोषदा," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे आम्हा दोघींचंच काही मांडलेलं नाही."

घोषदा प्रसाद वाटत होते. ते पुढच्याच्या हातावर प्रसाद ठेवत गेले. मला वाटलं, रागावले.

संध्याकाळी त्यांनी ओकेलोंना चहाला बोलावलं. म्हणाले, "हापशाबरोबर येणारा पाना कमिटीचा, तो खुशाल कपाटात ठेवा. पण आमच्या यार्डात माणूस ज्या पान्यावर शिकतो, तो त्याचाच होतो. आमची जुनी पद्धत आहे."

असली कुठलीही पद्धत आमच्याकडे नव्हती. मी चहाच्या कपात बघत राहिले. ओकेलोंनी मान डोलावली. स्वतः गावची रीत सांगणाऱ्या माणसाला आमची पद्धत मोडता येईना.

एस्थर पाना घेऊन गेली. काही महिन्यांनी तिचा मेसेज आला. हापसा बंद पडला होता, तिने दुपारपर्यंत चालू केला. चेअरमन शहरात होता. शेजारच्या गावाने आता तिच्याकडे पाना मागितला आहे आणि ती म्हणते, पाना मिळणार नाही, पाना घेऊन मी येईन.

घोषदांनी मलाही माझा स्वतःचा टूलबॉक्स दिला. जुन्या पद्धतीप्रमाणे, म्हणाले.

पूर्वी हापसा बंद पडल्याचा फोन आला की मी विचारायचे, काय झिजलंय? आता आधी विचारते, पाना कोणाच्या घरी आहे?