एकोणचाळीस नंबरचा भुंगा

"किल्ल्या दे, द्रहा."

"नाही."

"ऊन दुपारी पुलाच्या दुसऱ्या अंगाला जातं. मग फोटोत इंजिनाचं तोंड काळं येतं."

"येऊ दे. परवा फाटकाच्या खांबाला गाडी घासलीस तेव्हा माझं झालंच की काळं, सगळ्या शेजाऱ्यांसमोर."

"खांब सावलीत होता."

"सकाळचे दहा वाजले होते, विल्दा! आणि तो खांब आपल्या लग्नाआधीपासून तिथंच उभा आहे."

ओस्त्रावातल्या आमच्या इमारतीचा जिना असा आहे, की तळमजल्यावरचं भांडण वर पोचेपर्यंत जास्तच रंगतं. मी कचरा टाकायला उतरले होते. दारात विलेम कुबाला, म्हणजे आमचा विल्दा, गळ्यात कॅमेरा, काखेत घडीची शिडी. समोर त्याची बायको द्रहा, मुठीत जुन्या गाडीच्या किल्ल्या.

विल्दाची सगळी उमर पोलाद कारखान्यात गेली. तापलेल्या लाद्या लाटून त्यांचे पत्रे करायचे, हे काम. मालगाडीत चढलेला पत्रा पुढे कुठे जातो ते बघावं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तो रुळांच्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि उभाच राहिला. तेव्हापासून शहराभोवतालचं रुळांचं एकेक वळण, एकेक पूल त्याचा. कुठल्या कुंपणावरून फोटो घ्यायला शिडी लागते, कुठल्या शेतातला कुत्रा चावतो, सगळं पाठ. आमच्याकडे रेल्वेला 'द्राहा' म्हणतात आणि याच्या बायकोचं नाव द्रहा. लग्नातसुद्धा लोकांनी विचारलं होतं, "नवरदेव, पहिली कोणती?"

"रविवारी एलिश्काला तू घेऊन येतोस," द्रहा आवाज खाली आणून म्हणाली. "आपली नात असते मागच्या सीटवर. मी खिडकीत उभी असते, गाडी वळेपर्यंत."

"माझे डोळे शाबूत आहेत."

"मग दाखव. आज मी चालवते. पुलावर पहिल्या तीन मालगाड्या. इंजिन पुलाखाली यायच्या आत नंबर वाचायचा. तिन्ही बरोबर, तर किल्ल्या तुझ्या, मी परत तोंड उघडणार नाही. एक जरी चुकला, तर माझ्या."

"आणि बरोबर की चूक ते कोण सांगणार? तू? तुला बस आणि ट्राममधला फरक कळत नाही."

"कामिल असेल ना तिथं. तो सांगेल."

विल्दा हसला. "कामिल? मग ठरलं."

माझ्याकडे बघून द्रहा म्हणाली, "तू बस मागे. शिडी धर." अशी मी कचऱ्याची रिकामी बादली मांडीवर घेऊन निघाले. द्रहा सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवर चालवते. विल्दा दर चौकात डोळे मिटून घेत होता.

कामिल ट्रामच्या आगारात मेकॅनिक आहे, विल्दाच्या मुलाच्या वयाचा. पण पुलावर गाड्यांचे फोटो काढायला जमणारे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. तिथला एक कायदा मात्र कडक. फोटो वाईट आला तर चालतं, नेमक्या वेळी ढग आला तर एकमेकांना बियर पाजतात. पण इंजिनाचा नंबर कुणी खोटा सांगायचा नाही. मागे एकाने मुद्दाम सांगितला होता. आजही तो पुलावर आला की कुणी त्याला कठड्यापाशी जागा देत नाही.

"द्रहाबाई, तुम्ही? पुलावर?" कामिल चाट पडला. पैज ऐकून मान खाजवायला लागला. "मला कशाला यात ओढता?"

"कारण तू नंबर खोटा सांगत नाहीस," विल्दा शिडीवर चढत म्हणाला. ती घट्ट धरून उभी होती द्रहाच.

पहिली आली कोळशाच्या रिकाम्या वाघिणींची गाडी. अजून ठिपका होता तेवढ्यात विल्दा बोलला, "एकशे सोळा."

गाडी खालून धडधडत गेली. "बरोबर," कामिल म्हणाला.

दुसऱ्या वेळी मी गाडी सोडून विल्दाकडे बघत होते. डोक्यावरची टोपी त्याने मागे सरकवली, मान जराशी कलती केली. "चौऱ्याऐंशी."

"बरोबर."

"कान का पुढे केलास?" खालून द्रहा.

"वारा आहे. टोपी उडते."

"हं."

तिसरी मालगाडी यायला वेळ होता. द्रहाने डबा उघडला. ब्रेडमध्ये तळलेल्या मांसाचे काप, शेजारी आंबवलेल्या काकड्या. विल्दाला तिने मोठा काप दिला. तो म्हणाला, "हरणार म्हणून लाच देतेस का?" ती म्हणाली, "खा गुपचूप. चढताना धाप लागली होती तुला."

मग कारखान्याच्या बाजूने घरघर सुरू झाली. त्या डिझेल इंजिनाला इथे भुंगा म्हणतात, त्याच्या आवाजावरून. मागे पत्र्याच्या गुंडाळ्यांनी लादलेल्या वाघिणी. विल्दा शिडीवर ताठ झाला. टोपी मागे सरकली, मान कलली. आणि तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून प्रवासी गाडी शिट्टी वाजवत आली, आणि तिच्या खडखडाटात भुंग्याची घरघर पार बुडून गेली.

"नंबर!" द्रहा ओरडली.

त्याने टोपी आणखी मागे सरकवली. "एकोणचाळीस! दर गुरुवारचा माझा एकोणचाळीस!"

खटक्‌ खटक्‌ कॅमेरा वाजला. दोन्ही गाड्या पुलाखालून गेल्या. द्रहाचा चष्मा गाडीत राहिला होता, मी बावळटासारखी प्रवासी गाडीला हात करत होते. सगळ्यांनी कामिलकडे पाहिलं.

कामिल कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत म्हणाला, "बरोबर."

द्रहाने किल्ल्या विल्दाच्या हातावर ठेवल्या. शब्दाला जागली. फक्त डब्याचं झाकण जरा जोरातच दाबलं.

विल्दा मजेत खाली उतरला, शिडीच्या पायरीवर टेकला. फोटो नीट आलाय का बघायला त्याने कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांशी आणला. चित्र मोठं केलं. आणखी मोठं. पडद्यावर नुसते आकडे उरेपर्यंत.

"कामिल. इकडे ये. वाच."

"वाचलं की मघाशी."

"आत्ता वाच."

कामिल आला. वाकला. "एक्केचाळीस," म्हणाला. मग भडाभडा बोलत सुटला, "एकोणचाळीस सोमवारपासून दुरुस्तीला गेलाय रे. तुला कुणी कळवलं नसेल. अशी चूक कुणाचीही—"

"तू मला नंबर खोटा सांगितलास."

"एवढा एकच. अरे, किल्ल्या गेल्या तर तू शेतावरच्या वळणावर येणार कसा? तिथं बससुद्धा जात नाही."

"एकोणचाळीस चढावर खोकतो," विल्दा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "एक्केचाळीस खोकत नाही. ती प्रवासी गाडी आली म्हणून… ऐकूच आलं नाही."

"ऐकू आलं नाही?" द्रहा म्हणाली. अगदी हळू.

विल्दाने कॅमेरा बंद केला.

मला वाटलं, आता बरसणार ही. पण ती त्याच्या शेजारी पायरीवर जागा करून बसली. "हे बघ," म्हणाली, "घराजवळ चालव. दुकानापर्यंत वगैरे. एलिश्काला मी आणेन. आणि वळणावर मी सोडत जाईन तुला. पुस्तक घेऊन बसेन गाडीत. चालेल?"

तो उठला. किल्ल्या कडेला लावलेल्या गाडीच्या टपावर, काकड्यांच्या डब्याशेजारी ठेवल्या. शिडीची घडी घातली, खांद्यावर टाकली.

"शनिवारी येशील ना?" कामिलने विचारलं. "तुझी कठड्यापाशीची जागा धरून ठेवतो."

विल्दा पुलाच्या उताराला लागला होता.

"विल्दा! अरे, घरी तरी सोडते!" द्रहा हाक मारत होती. "शिडी घेऊन ट्राममध्ये चढू देतील का तुला?"

शिडी त्याच्या पाठीवर पावलागणिक आपटत होती. कोपऱ्यावरच्या खांबाला ती अडकेल असं वाटलं. पण तो थांबला, हात पुढे करून खांब चाचपला, शिडी तिरकी केली आणि ट्रामच्या थांब्याकडे वळला.