मावशीकडची झाडं

कारखान्यात काजूताईचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. शर्टांना काजं करायची आणि बटणं लावायची हे तिचं काम. त्यावरून कोणीतरी गमतीने काजूताई म्हटलं आणि तेच चिकटलं. हात मात्र असा साफ, की कापड बेतणारे मास्तर, ज्यांनी जन्मात कोणाला चांगलं म्हटलं नाही, तेसुद्धा तिच्या काजावरून अंगठा फिरवून "हं" म्हणत. शर्ट पुढे सरकवण्याआधी ती तो उलटसुलट करून बघायची आणि लोंबणारा दिसेल तो दोरा कच्चकन कापायची. दोरा राहिलेला शर्ट तिच्या हातून कधी गेला नाही.

बाई तशी सगळ्या जगाशी गोड. फक्त धाकट्या बहिणीचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायला लागायचं.

धाकटी एकटी राहायची. दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा नेमून द्यायचं तिचं काम. खोली टीचभर, पण झाडांनी भरलेली. कपाटावरून वेल उतरलेले, खिडकीत कुंड्यांची दाटी, कान तुटलेल्या कपांतसुद्धा काही ना काही उगवलेलं. जो जाईल तो दारातच "वा!" म्हणायचा. काजूताई म्हणायची, "डास होतील." आणि घरी आल्यावर लेकीला ऐकवायची, "पैसे जास्त झालेत तिला. झाडं कसली, गवत नुसतं! म्हशीला घालावं असं." लेक ताट घेऊन आत जायची.

लेकीचाच तर सगळा घोर होता. पोरगी संध्याकाळ झाली की मावशीकडे. अभ्यास मावशीकडे, हसणं-खिदळणं मावशीकडे, आईच्या वाट्याला काय, तर "भूक लागली" आणि "झोप आली". बाप ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, त्याला काय कळणार. आणि आता सुट्टीच्या तोंडावर लेकीने विचारलं होतं, "आई, पुढचं वर्ष मी मावशीकडेच राहू का? कॉलेज तिथून जवळ पडेल."

काजूताईने "सुट्टी संपू दे, मग बघू" म्हणून वेळ मारून नेली, पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. कारखान्यात जेवताना न राहवून तिने विषय काढला, तर मास्तर जोरात हसले.

"अहो काजूताई, म्हणतातच ना, माय मरो पण मावशी जगो!"

सगळ्या बायका हसल्या. काजूताईही हसली, आणि मग नळावर जाऊन उगाच डबा घासत बसली. इतकी वर्षं ही म्हण तिने स्वतः शंभर वेळा वापरली असेल. पण त्यातली माय आपण असू शकतो, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. डबा घासता घासताच तिने ठरवलं. पोरीला झाडं हवीत ना? मग भरते खोली. धाकटीच्या खोलीला तोंड लपवावं लागेल अशी भरते.

ठरवणं सोपं. रोपवाटिकेत गेली, तर तिथल्या मुलीने एकेका कुंडीची किंमत अशी काही सांगितली, की काजूताईला वाटलं, ही झाडासोबत माळीही देते की काय. शेजारणीकडून आणलेली फांदी दोन दिवसांत मान टाकून बसली. शेवटी तिने कोंब आलेला कांदा ग्लासात ठेवला. लेकीने बघितला आणि विचारलं, "आई, हा भाजीत टाकायचा राहिला का?"

मग तिला कारखान्यामागचा झाडंवाला आठवला. हा माणूस कचेऱ्यांना आणि समारंभांना भाड्याने झाडं पुरवायचा. त्याची भाषाच वेगळी. जी झाडं भाड्यावर गेली ती 'कामावर', वातानुकूलित हवेत सुकून परत आली ती 'रजेवर'.

"आणि ही कोपऱ्यातली?" काजूताईने विचारलं.

"ती निवृत्त," झाडंवाला म्हणाला. "पानं विरळ झाली की कचेरीवाले घेत नाहीत. जीव आहे अजून, पण तोंड दाखवण्यासारखं नाही."

"मला द्या."

"पैसे?"

काजूताईने त्याच्या शर्टाकडे बघितलं. मधली दोन बटणं गायब, खालचं एक दुसऱ्याच रंगाचं. त्याच्या माणसांचे शर्ट तर त्याहून वरताण. सौदा तिथेच ठरला. ती त्याच्या सगळ्या माणसांच्या शर्टांना बटणं लावून देणार आणि तो निवृत्त मंडळींना हातगाडीवर घालून तिच्या दारात पोचवणार.

लेक मैत्रिणीच्या गावी गेली होती, तेवढ्यात काजूताईने डाव साधला. टेबल भिंतीला लावलं, पुसून पुसून पानं चकचकीत केली, पिवळं तेवढं काढून टाकलं. काही कुंड्यांतून हिरवी-पांढरी लांब पानं आली होती आणि त्यांतून सगळीकडे काड्यांसारखं काहीतरी खाली लोंबत होतं, टोकाला गवताचे झुपके. तिला ते बघवेना. तिने कात्री घेतली आणि सगळं कसं नीट कापून केरात टाकलं. मग खोलीच्या मधोमध उभं राहून चहूकडे बघितलं. पहिल्यांदाच तिला धाकटीची कीव आली.

लेक आली ती दारातच थबकली. "आई! हे तू केलंस?"

"मग! मावशीलाच येतं का सगळं?"

लेकीने पिशवी टाकली आणि एकेका कुंडीपाशी जाऊन वाकली, माती चाचपली, पानं उलटून बघितली. काजूताई आनंदाने इतकी फुलली होती, की चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही. मग लेकीने विचारलं, "ह्याची पिल्लं कुठे गेली?"

"कसली पिल्लं?"

"काड्यांना लोंबतात ना, छोटी छोटी. ती मातीत टेकवली की नवीन झाड होतं. फुकट."

"ती लोंबणारी? कापली. केरात."

लेक आधी हसली. मग हसता हसता थांबली. "माझंही असंच टाकलं होतंस."

"तुझं कुठलं?"

"शाळेतून असंच एक पिल्लू आणलं होतं मी. कपात, पाण्यात ठेवलं होतं. नुकती मुळं फुटली होती. तू म्हणालीस, हे काय सडलेलं ठेवलंय खिडकीत. मग दुसरं आणलं ते मी मावशीकडे नेलं. तिथलं सगळं त्या एकापासून झालंय आई. म्हणजे बाकीचेही वेल-बिल मीच आणलेत, मागून मागून. मावशीला तर पाणी कधी घालायचं तेही कळत नाही."

खरं सांगायचं तर काजूताईला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे धाकटीचं काहीच नव्हतं! लोक ज्याला वा वा करत होते, ते सगळं आपल्या पोरीचं! ती उठून दारोदार सांगत सुटणार होती. आणि मग तिला आपलीच वाक्यं आठवली. गवत. म्हशीला घालावं असं. ताट घेऊन निमूट आत जाणारी पोर आठवली. ओशाळून तिने पदर उगाचच सारखा केला. "मला सांगायचं नाहीस?" एवढंच ती म्हणाली.

"तुला आवडत नव्हती ना," लेक म्हणाली, आणि सांडलेला चहा पुसायला फडकं आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी खोली बघायला आली. "अगं बाई!" म्हणाली, आणि खरोखर मनापासून म्हणाली, त्यामुळे काजूताईला राग धरायला जागाच उरली नाही. चहा झाला. लेक आतल्या खोलीत होती. काजूताईने कप गोळा करता करता, बहिणीकडे न बघता सांगून टाकलं, "पाठवते तिला तुझ्याकडे. कॉलेज जवळ पडेल."

धाकटीचे डोळेच भरून आले. हे तर काजूताईला अजिबात सहन होईना.

"ताई, मी नीट सांभाळीन गं. खाण्यापिण्याचं कळतंय मला. फक्त एक सांग. परीक्षेच्या आधी तिला झोप लागत नाही म्हणतेस ना, तेव्हा तू काय करतेस?"

काजूताईला ठाऊक होतं काय करायचं ते. पायथ्याशी बसायचं, डावं पाऊल मांडीवर घ्यायचं आणि तळव्यावर अंगठ्याने हळूहळू गोल काढत राहायचं. बोलायचं काही नाही. पोरगी तान्ही होती तेव्हापासून हेच चाललं होतं, आणि जगात हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. तिने सांगायला तोंड उघडलं. समोर धाकटी वही-पेन्सिल घेतल्यासारखी कान देऊन बसली होती.

"तू काही करू नकोस," काजूताई म्हणाली. "मला फोन कर. मी येईन."